धर्माचा ऱ्हास कोणत्या मापाने मोजायचा?

पदव्युत्तर वर्गाला आधुनिक मराठी कविता शिकवताना पहिल्या एक-दोन तासांत मी आधुनिकतेची लक्षणे सांगत असे. यंत्रयुग, महानगर, परात्मता आणि या सर्वांच्या मुळाशी श्रद्धेचा ऱ्हास, असा तो ठरलेला क्रम. विद्यार्थी तो उतरवून घेत आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून तो जसाच्या तसा माझ्याकडे परत येई. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, "सर, आमच्या आजीने छप्पन साली घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. ती म्हणायची, त्या दिवशी आमच्या घरात धर्म आला. मग याला ऱ्हास म्हणायचं की वाढ?" मी काहीतरी उत्तर दिले. ते पुरेसे नव्हते हे तिच्याही ध्यानात आले असावे. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर होय.

श्रद्धेच्या ऱ्हासाची कल्पना आपल्या वर्गांत दोन वाटांनी आली. पहिली वाट साहित्याची. मॅथ्यू अर्नोल्डची 'डोव्हर बीच' ही कविता १८६७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत श्रद्धेला समुद्राचे आणि तिच्या क्षयाला ओहोटीचे रूप दिलेले आहे. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमातून ही प्रतिमा आपल्या अनेक पिढ्यांच्या मनात इतकी रुजली, की ती एका देशातील एका वर्गाच्या अनुभवाची प्रतिमा आहे याचा विसर पडला. ओहोटीच्या प्रतिमेत एक गृहीतक दडलेले असते. पाण्याची पातळी एकच असते. ती चढते किंवा उतरते. म्हणजे धर्मालाही अशी एकच पातळी आहे आणि तिच्याकडे बघून धर्म किती उरला ते सांगता येते, असे आपण न बोलता मान्य करतो.

दुसरी वाट समाजशास्त्राची. ऑग्यूस्त काँतने मानवी बुद्धीच्या तीन अवस्था कल्पिल्या आणि धर्मशास्त्रीय अवस्थेला सर्वांत खालची पायरी दिली. माक्स वेबरने १९१७ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात आधुनिक विज्ञानामुळे जगावरची जादू उतरत चालल्याचे निदान केले. एमिल द्युर्केमने मात्र १९१२ मध्ये वेगळाच मुद्दा मांडला होता. धर्मात समाज स्वतःचेच पूजन करीत असतो, असे त्याचे प्रतिपादन. तसे असेल तर समाज आहे तोवर धर्म या ना त्या रूपात राहणारच. आद्य समाजशास्त्रज्ञांचेच याविषयी एकमत नव्हते ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे १९६० च्या दशकात ऐहिकीकरणाचा सिद्धान्त जवळजवळ सर्वमान्य झाला. ब्रायन विल्सनने १९६६ मध्ये त्याची नेटकी व्याख्या केली : धार्मिक विचार, आचार आणि संस्था यांचे सामाजिक महत्त्व कमी होत जाणे म्हणजे ऐहिकीकरण. पीटर बर्गरचा 'द सेक्रेड कॅनपी' हा ग्रंथ १९६७ चा. त्याने तर १९६८ मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'जवळ असे भाकीत केले, की एकविसाव्या शतकापर्यंत श्रद्धावंत माणसे केवळ छोट्या पंथांतून, एकमेकांना धरून, कशीबशी टिकून राहिलेली आढळतील. या भाकितानंतर अकराच वर्षांनी इराणमध्ये धर्मगुरूंच्या नेतृत्वाखाली क्रांती झाली. पोलंडमध्ये कामगारांच्या चळवळीमागे कॅथलिक चर्च उभे राहिले. अमेरिकेत सनातनी ख्रिस्ती राजकारणाने जोर धरला. १९९९ मध्ये बर्गरने आपलाच सिद्धान्त चुकला असल्याची कबुली दिली. आपल्या आयुष्यभराच्या मांडणीविषयी असे जाहीरपणे बोलणारे विद्वान विरळा, म्हणून त्याचा उल्लेख आदराने करावा लागतो.

या पडझडीतून दोन नव्या मांडण्या पुढे आल्या. होसे कासानोव्हाने १९९४ मध्ये दाखवून दिले, की ऐहिकीकरण या एका शब्दात तीन निराळ्या गोष्टी गुंफलेल्या आहेत : राज्य, बाजार, विज्ञान यांनी धर्मसंस्थेपासून वेगळे होणे, श्रद्धा आणि आचार यांचा ऱ्हास होणे, आणि धर्माने सार्वजनिक जीवनातून माघार घेऊन खासगी होणे. पहिली गोष्ट घडली म्हणून उरलेल्या दोन घडतीलच असे नाही. दुसरी मांडणी रॉडनी स्टार्क आणि रॉजर फिंकी यांची. त्यांनी प्रश्नच उलटा केला. लोकांची धर्माची गरज साधारणतः कायम असते. फरक पडतो तो पुरवठ्यात, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या हिशेबाप्रमाणे १७७६ मध्ये अमेरिकेतील अवघे १७ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या चर्चचे सभासद होते. १९८० मध्ये हे प्रमाण ६२ टक्के झाले. राज्याने एका धर्मसंस्थेची मक्तेदारी पोसली नाही, संस्थांमध्ये चढाओढ लागली, म्हणून आधुनिकतेबरोबर धर्म वाढला, हा त्यांचा निष्कर्ष. याच विचारशाखेतील लॉरेन्स आयानाकोनने सांगितले, की सभासदांकडून अधिक त्याग मागणारे पंथ अधिक बळकट असतात, कारण फुकटे सभासद तिथे टिकत नाहीत.

एवढ्यावरून ऐहिकीकरणाचा सिद्धान्त निकालात निघाला असे मात्र कोणी समजू नये. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत २००१ मध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे सुमारे ७२ टक्के होते; २०११ मध्ये ५९.३ आणि २०२१ मध्ये ४६.२ टक्के उरले. 'कोणताही धर्म नाही' असे सांगणारे याच वीस वर्षांत १५ टक्क्यांवरून ३७.२ टक्क्यांवर गेले. ग्रेस डेव्हीने ब्रिटनविषयी असे सुचवले होते, की लोक चर्चमध्ये जात नसले तरी श्रद्धा बाळगून आहेत. पण पुढच्या संशोधकांना प्रत्येक पिढीत श्रद्धाही तितक्याच वेगाने क्षीण होताना दिसली. पुरवठ्याच्या सिद्धान्ताचे माहेर असलेल्या अमेरिकेतही प्यू संशोधन केंद्राच्या पाहण्यांनुसार ख्रिस्ती लोकांचे प्रमाण २००७ मधील ७८ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ६२ टक्क्यांवर आले, जरी शेवटच्या काही वर्षांत ही घसरण थबकल्यासारखी दिसते. रोनाल्ड इंगलहार्टने २००७ ते २०१९ या काळातील ४९ देशांची आकडेवारी तपासली तेव्हा ४३ देश कमी धार्मिक झालेले आढळले. उरलेल्यांत त्याला सर्वांत ठळक अपवाद दिसला तो भारताचा.

आपण इथे थांबतो आणि म्हणतो, "पाहा, भारत निराळा आहे." मला हे वाक्य फार आळशी वाटते. निराळा आहे म्हणजे कोणत्या मापाने? वरच्या सर्व मांडण्यांत, त्या एकमेकींच्या कितीही विरोधी असल्या तरी, एक समान गोष्ट आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर चर्च आहे. चर्चला सभासद असतात, सभासदांची नोंद असते, रविवारची हजेरी मोजता येते आणि मतांचा एक जाहीरनामा असतो. त्यामुळे ओळख, श्रद्धा, आचार आणि संस्थेचा अधिकार या चार गोष्टी साधारणतः बरोबर चढतात आणि बरोबर उतरतात. एक मोजली की इतरांचा अंदाज बांधता येतो. ओहोटीची प्रतिमा तिथे बऱ्याच अंशी खरी ठरते ती यामुळे. जिथे या चार गोष्टी एकत्र बांधलेल्या नाहीत तिथे तिचे काय होते, हा खरा प्रश्न आहे. आणि तो तपासायला महाराष्ट्राइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची संख्या २,४८७ होती. १९६१ मध्ये ती २७,८९,५०१ झाली. दरम्यान १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली होती आणि त्यानंतर दोनच महिन्यांच्या आत त्यांचे महापरिनिर्वाण झाले होते. संख्येच्या मापाने पाहिले तर आधुनिक जगातील धर्मवाढीच्या अत्यंत वेगवान उदाहरणांत याची गणना करावी लागेल. स्टार्कने आरंभीच्या ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराचा हिशेब मांडताना दर दशकाला सुमारे ४० टक्के वाढ पुरेशी मानली होती. इथे दशकभरात संख्या हजारपटीहून अधिक झाली.

आता दुसरे माप लावू. त्या दिवशी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, राम आणि कृष्ण यांची उपासना करणार नाही, गौरी-गणपती मानणार नाही, श्राद्ध करणार नाही, अशा प्रतिज्ञा आहेत. ज्या घरांनी त्या मनापासून पाळल्या त्या घरांतले देव्हारे रिकामे झाले, जत्रा सुटली, नवस सुटला. उपासनेच्या मापाने पाहिले तर हा श्रद्धेचा केवढा मोठा क्षय! युरोपातील ज्या खेड्याला असा बदल पचवायला तीन पिढ्या लागल्या असत्या तो इथे एका दुपारी घडला. प्यूच्या २०१९-२० मधील भारतीय पाहणीत ९७ टक्के लोकांनी ईश्वरावर विश्वास असल्याचे सांगितले. बौद्धांपैकी मात्र सुमारे एक तृतीयांश लोकांनी नाही म्हटले. म्हणजे श्रद्धेचा तक्ता बनवणाऱ्याच्या लेखी हे लोक कमी धार्मिक आणि जनगणनेच्या लेखी ते एका वाढलेल्या धर्माचे अनुयायी. विद्यार्थिनीच्या आजीने एकाच दिवशी दोन्ही केले होते. देव नदीत सोडणे हाच धर्म घरात येण्याचा विधी होता.

पुरवठ्याचा सिद्धान्त इथे मदतीला येतो काय? अंशतः येतो. त्याग मागणारा धर्म बळकट होतो, हे या उदाहरणात दिसते. अनुसूचित जातींच्या घटनात्मक सूचीत बौद्धांचा समावेश १९९० मध्ये झाला. तोवर केंद्राच्या सवलतींच्या बाबतीत धर्मांतराची किंमत मोजावी लागली. तरीही लोकांनी ओळख सोडली नाही. पण या सिद्धान्ताचा नायक म्हणजे बाजारात फिरून आपल्या पसंतीचा धर्म निवडणारा एकटा माणूस. १९५६ मध्ये निवड झाली ती एकट्यादुकट्याची नव्हती. वस्त्यांनी, नातेसंबंधांनी, मुख्यतः एका जातीने मिळून घेतलेला तो निर्णय होता. त्याला १९३५ च्या येवल्याच्या घोषणेपासून वीस वर्षांच्या विचाराची आणि संघर्षाची पार्श्वभूमी होती. १८६७ मध्ये स्थापन झालेला प्रार्थना समाजही मूर्तिपूजा नाकारणारा आणि विवेकाचा कैवारी होता. त्याचे वैचारिक ऋण मोठे आहे, पण तो सुशिक्षितांच्या लहानशा वर्तुळाबाहेर फारसा गेला नाही. सामूहिक जीवनच बदलण्याची गरज एका ठिकाणी होती, दुसऱ्या ठिकाणी तितकी नव्हती, हे या फरकाचे कारण मला अधिक पटते. विवेकवाद धर्माला वाढवतो किंवा घटवतो असे सरसकट विधान यातून करता येत नाही.

आणि खासगीकरणाचे काय? आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथात धर्म आणि धम्म यांतला भेद नेमका याच मुद्द्यावर केला आहे. रिलिजन ही व्यक्तीची खासगी बाब मानली जाते. धम्म मुळातच सामाजिक आहे. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसांत संबंध आला की ती निर्माण होते, असा त्यांचा युक्तिवाद. पाश्चात्त्य सिद्धान्तात आधुनिक धर्म देव राखतो आणि समाज सोडतो. इथे देव सोडला आणि समाज राखला. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या, आधुनिक सामाजिक विचार आत्मसात केलेल्या विचारवंताने ऐहिकीकरणाला दिलेले हे पूर्ण शुद्धीतले उत्तर आहे. आपल्या वाङ्मयीन चर्चेत त्याची दखल समाजशास्त्रीय सिद्धान्त म्हणून क्वचितच घेतली जाते, चळवळीचा इतिहास म्हणूनच घेतली जाते, याची खंत वाटते.

"हे धर्मांतर म्हणजे राजकारण होते, धर्म नव्हे," असा आक्षेप अनेकदा ऐकू येतो. पण राजकारण एकीकडे आणि धर्म दुसरीकडे अशी वाटणी हीच मुळी वर सांगितलेल्या युरोपीय अनुभवाची देणगी आहे. जो धर्म पाणवठ्यावर कोणी यावे आणि देवळात कोणी शिरावे ते ठरवत होता, तो सोडण्याची कृती राजकारणाविना कशी झाली असती? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. राज्याच्या लोकसंख्येत बौद्धांचे प्रमाण १९६१ मध्ये सुमारे ७ टक्के होते, ते २०११ मध्ये ५.८ टक्के झाले. संख्या दुपटीहून वाढून ६५ लाखांवर गेली, पण धर्मांतर मुख्यतः एका समाजापुरते राहिले, ही वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. जातीबाहेर पडण्यासाठी स्वीकारलेल्या धर्मालाच पुन्हा जातीची ओळख म्हणून वागवले गेले. हे अपयश कोणाचे, याचा विचार उरलेल्या समाजानेही करावयाचा आहे.

हाच निकष बहुसंख्याकांच्या धर्माला लावून पाहावा, म्हणजे चित्र पुरे होईल. इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती'तील 'वाटचाल' या लेखात आपल्या पंढरपूरच्या वारीचे वर्णन केले आहे. दिंडीत एकत्र चालणारी, एकच भजन म्हणणारी माणसे जेवणाच्या वेळी जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे शल्य त्या लपवत नाहीत. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. दि. बा. मोकाशी यांनी १९६१ मध्ये पालखीबरोबर चालून 'पालखी' (१९६४) लिहिले, तेव्हा ते श्रद्धाळू वारकरी म्हणून गेले नव्हते. कुतूहलाने, काहीसे बाहेरचे म्हणून गेले होते. या तीन घटना एकापुढे एक ठेवल्या की धर्म वाढला की घटला याचे एक उत्तर देता येत नाही. मंदिराचा नाकारण्याचा अधिकार घटला. न मानणाऱ्यालाही चालण्याची मोकळीक वाढली. मात्र प्यूच्या त्याच पाहणीत, आपल्या समाजातील स्त्रियांना परजातीत लग्न करण्यापासून रोखणे फार महत्त्वाचे आहे असे ६४ टक्के भारतीयांनी सांगितले. पंक्तीतला निर्बंध सैल झाला तरी लग्नातला निर्बंध आवळलेलाच राहिला. दर्शनाच्या रांगा मोजून हे कळणार नाही. नास्तिकांची शिरगणती करूनही कळणार नाही.

म्हणून मला असे सुचवावेसे वाटते, की धर्माच्या वाढीचा किंवा ऱ्हासाचा प्रश्न आपल्या समाजापुरता तरी असा विचारावा : कोणावरचे कोणते बंधन सुटले, कोणते नवे बंधन कोणी स्वखुशीने स्वीकारले आणि कोणते जुने बंधन नवी वस्त्रे नेसून उभे आहे? या मापाने कधी श्रद्धा वाढूनही धर्माची सत्ता घटलेली दिसेल, तर कधी श्रद्धा घटूनही ती सत्ता टिकलेली दिसेल. नास्तिक म्हणवणारा बाप मुलीच्या लग्नात जात पाहतो तेव्हा त्याच्या घरात धर्म किती उरला आहे, हे त्याच्या नास्तिकतेवरून ठरत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना याचे काय, असे कोणी विचारील. आपण वापरतो त्या मापाने आपले वाचन घडते, एवढेच माझे उत्तर आहे. बा. सी. मर्ढेकरांची 'काही कविता' १९४७ ची. भग्न श्रद्धेचा कवी असे बिरूद आपण त्यांना सहज देतो आणि मग त्यांनी ओवी-अभंगाचा घाट का स्वीकारला, त्यांच्या कवितेत प्रार्थनेचा सूर वारंवार का उमटतो, हे सांगताना आपली तारांबळ उडते. कधी उपरोध, कधी विसंगती असे शब्द वापरून आपण वेळ मारून नेतो. संतांची भाषा त्यांच्या परंपरेच्या बंधनातून सोडवून घेऊन एका महानगरी माणसाने ती आपल्या जबाबदारीवर पुन्हा उचलली, असे वाचले तर विसंगती उरत नाही. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) किंवा ऊर्मिला पवारांचे 'आयदान' (२००३) यांकडे तर आपण आधुनिकतेच्या प्रकरणात वळतही नाही. ती पुस्तके दलित साहित्याच्या निराळ्या कप्प्यात जातात. वास्तविक आधुनिक माणूस आणि धर्म यांचा झगडा मराठीत जिथे सर्वांत तपशीलवार लिहिला गेला आहे ती हीच पुस्तके आहेत. देव जाताना घरात काय काय जाते, कोण सुटकेचा श्वास टाकते, कोणाचे मन चोरून मागे रेंगाळते, हे जाणून घ्यायला आपल्याला अर्नोल्डच्या किनाऱ्यावर जाण्याची गरज नव्हती.

असो. गेल्या काही वर्षांपासून मी फळ्यावर 'श्रद्धेचा ऱ्हास' हे शब्द लिहिणे सोडून दिले आहे. त्याऐवजी त्या आजीची गोष्ट सांगतो आणि ती टोपली नदीकडे जाताना नेमके काय घडत होते, असे वर्गाला विचारतो. उत्तरे वेगवेगळी येतात, कधीकधी वादही होतो. ज्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारला ती आता स्वतः शिकवते. तिच्या वर्गात ती काय सांगते, हे एकदा जाऊन ऐकायचे आहे.